भोंगा थांबल्यानंतरची पुस्तकं

दोह्यात कुणाही मराठी माणसाच्या घरी गेलं की माझी पहिली नजर पुस्तकांच्या कपाटाकडे जाते. (ही वाईट खोड आहे, असं आमच्या सौ.चं मत आहे. पण मंडळातले निम्मे मित्र मला याच खोडीमुळे मिळाले.) बहुतेक घरांत पु.ल. असतात, 'मृत्युंजय' असतं, 'श्यामची आई' असतं, आणि अलीकडे यशस्वी कसं व्हावं हे सांगणारी जाडजूड इंग्रजी पुस्तकंही असतात. 'बटाट्याची चाळ' तर हमखास सापडतं. १९५८ साली आलेलं हे पुस्तक आजही आपल्याला गॅलरीतल्या गप्पांची आठवण करून देतं, आणि ते द्यावंच. पण ती चाळ गिरगावातली, पांढरपेशांची. तिथून बस पकडून थोडं पुढे गेलं की लागणाऱ्या परळ, लालबाग, करी रोड, शिवडी या भागातल्या चाळींवरची पुस्तकं मात्र आपल्या कपाटांत क्वचित दिसतात. स्मरणिकेच्या संपादकांनी यंदा 'आवडलेल्या पुस्तकांवर लिहा' असा आग्रह धरला, तेव्हा ठरवलं की याच पुस्तकांवर लिहायचं.

यात माझा स्वार्थ आहे, तो आधीच सांगून टाकतो. माझे वडील, आम्ही त्यांना दादा म्हणत असू, परळच्या एका कापड गिरणीत साच्यावर होते. १८ जानेवारी १९८२ रोजी मुंबईतल्या कापड गिरण्यांचा संप सुरू झाला तेव्हा मी पुरता दोन वर्षांचाही नव्हतो. ६०हून अधिक गिरण्या आणि सुमारे २,५०,००० कामगार यांचा हा संप. पगारवाढ, बोनस आणि बदली कामगारांचा प्रश्न हे त्याचं वरचं रूप. त्याच्या मुळाशी १९४६चा औद्योगिक संबंध कायदाही होता. या कायद्यानुसार मालकांनी बोलणी करायची ती एकाच मान्यताप्राप्त युनियनशी, म्हणजे राष्ट्रीय मिल मजदूर संघाशी. कामगार डॉ. दत्ता सामंतांच्या मागे गेले तरी मान्यता मात्र जिथे होती तिथेच राहिली. हा संप कधीच रीतसर मागे घेतला गेला नाही, तो नुसता विरत गेला. दादांनी भाजी विकली, नंतर एका इमारतीत वॉचमनची नोकरी धरली. आई डबे करायची. आणि या सगळ्याबद्दल आमच्या घरात कोणी काही बोलत नसे. जे काही मला कळलं ते बरंचसं पुस्तकांतून.

त्यातलं पहिलं पुस्तक मराठी नव्हतं, ही गंमतच म्हणायची. २००४ साली कर्ज काढून मी मास्टर्स करायला मँचेस्टरला गेलो. एकेकाळी जगाला कापड पुरवणारं हे शहर. अँकोट्स भागातल्या जुन्या सूतगिरण्यांचे तेव्हा फ्लॅट होत होते. लाल विटांच्या भिंती तशाच ठेवून आत चकचकीत किचन बसवलेलं. लायब्ररीत वॉल्टर ग्रीनवुडची 'लव्ह ऑन द डोल' ही १९३३ची कादंबरी हाती लागली. शेजारच्याच सॅलफर्डमधल्या एका गरीब वस्तीची, हार्डकॅसल कुटुंबाची ही गोष्ट. मुलगा हॅरी कारखान्यात सात वर्षं उमेदवारी करतो, आणि ती पूर्ण होऊन माणसासारखा पगार द्यायची वेळ आली की त्याला घरी बसवतात, कारण नवी पोरं स्वस्तात मिळतात. बहीण सॅली हिचा प्रियकर बेकारांच्या मोर्च्यानंतर मरतो. शेवटी ती एका श्रीमंत बुकीची रखेल होऊन राहते आणि त्या बदल्यात बापाला आणि भावाला नोकऱ्या मिळतात. ग्रीनवुड हे लिहीत होता तेव्हा स्वतः बेकार होता. पुस्तकात काही जागी पात्रं भाषणं ठोकतात, ती आज वाचवत नाहीत. पण बेकारी घराच्या आत शिरल्यावर काय करते हे त्यानं जसं दाखवलं आहे, ते वाचताना मला परळ दिसत होतं. यावर सिनेमा काढायला १९३६ साली सेन्सॉरनं नकार दिला होता. तो निघाला १९४१ साली, महायुद्धामुळे बेकारी ओसरल्यावर. यातून काय ते समजावं.

मग मराठीत कोण आहे, हा प्रश्न पडला. सुट्टीत घरी आलो की दादरला पुस्तकं शोधायचा नाद लागला तो तेव्हापासून.

अण्णा भाऊ साठेंपासून सुरुवात करतो. १९२० साली वाटेगावात जन्मलेला हा माणूस शाळेत जेमतेम दीड दिवस गेला, मुंबईत पडेल ते काम केलं, घाटकोपरच्या चिरागनगरात राहिला, आणि १९६९ साली गेला तेव्हा पाठीमागे कादंबऱ्या, कथा, लोकनाट्यं यांचा डोंगर ठेवून गेला. लोकांना 'फकिरा' माहीत असते. मी मात्र कुणालाही आधी 'स्मशानातील सोनं' ही कथा वाचायला सांगतो. भीमा हा वारणेकाठचा धिप्पाड गडी मुंबईच्या उपनगरातल्या दगडाच्या खाणीत काम करतो. एक दिवस खाण बंद पडते. घरी बायको आहे, लहान मुलगी आहे. भटकता भटकता त्याला चितेच्या राखेत अंगठी सापडते आणि मग तो स्मशानं उकरायला लागतो. या कथेबद्दल बोलताना लोक त्यातलं भयानक दृश्यच सांगतात: काळोखी रात्र, कोल्हे, प्रेत. ते आहेच. मला त्यात मोठं वाटतं ते वेगळं. भीमाला हे काम वाईट वाटत नाही. खाण फोडून जे मिळायचं त्यापेक्षा इथे जास्त मिळतं, असा त्याचा सरळ हिशेब आहे. अण्णा भाऊ त्याला दोष देत नाहीत आणि त्याची कीवही करत नाहीत. गडी कष्टाळू आहे, काम गेलं, म्हणून त्यानं तेच कष्ट दुसरीकडे लावले, इतकंच. शेवटी त्याच्या हाताची बोटं जातात, आणि त्याच सुमारास बातमी येते की खाण पुन्हा सुरू झाली. हातच अधू झालेल्या माणसाला दगड फोडायचं काम आलं आहे! नोकरी गेल्यावर माणूस जे काही करतो त्यामुळे तो पुढच्या नोकरीच्या लायकीचा उरत नाही, हे अर्थशास्त्राच्या पुस्तकात पानंच्या पानं खर्चून सांगतात. इथे ते चार ओळींत झालं आहे.

नारायण सुर्वे वेगळे. गंगाराम सुर्वे या गिरणी कामगारानं रस्त्यावर सापडलेलं हे मूल घरी आणलं, वाढवलं. पुढे ते शाळेत शिपाई झाले, मग शिक्षक झाले. 'ऐसा गा मी ब्रह्म' १९६२चं, 'माझे विद्यापीठ' १९६६चं, 'जाहीरनामा' १९७५चं. सुर्व्यांच्या कवितेत कामगार ताठ उभा आहे. त्याला रोजची भाकरी मिळवायची आहे, पण शहर आपल्या हातांनी चालतं याची त्याला पक्की खात्री आहे. मराठी कवितेत अशी खात्री त्याआधी क्वचितच कुणी इतक्या सहज आणली असेल. माझी तक्रार सुर्व्यांशी नाही, आपण त्यांचं जे केलं त्याच्याशी आहे. आपल्या कार्यक्रमांत त्यांच्या ठरावीक तीन-चार कविता मोठ्या आवाजात म्हटल्या जातात, टाळ्या पडतात, आणि त्यांचे अत्यंत हळू आवाजातले भाग तसेच राहतात. त्यांच्या कवितेत वेश्या येते, मास्तरकडे पोराचं नाव घालायला आलेली बाई येते, घरातली बायको येते. जाहीरपणे बोलणाऱ्या कवितांपेक्षा या कविता मला जास्त टिकाऊ वाटतात. २०१० साली सुर्वे गेले तेव्हा त्यांच्या कवितेतला कामगार गिरणगावातून केव्हाच हद्दपार झाला होता.

मधल्या दोघांची नावं घेऊन पुढे जातो. मामा वरेरकरांनी १९३०च्या दशकातच 'धावता धोटा' ही गिरणी कामगारांवरची कादंबरी लिहिली. तेव्हाच्या मानानं विषय धाडसी, पण मांडणी आज जुनी वाटते. भाऊ पाध्यांनी कामगार चळवळ जवळून पाहिली होती. १९६०च्या 'डोंबाऱ्याचा खेळ'मध्ये त्यांनी युनियनमधलं राजकारण उघडंवाघडं मांडलं. १९६५च्या 'वासूनाका'वर अत्रे तुटून पडले आणि दुर्गाबाई भागवत त्याच्या बाजूनं उभ्या राहिल्या, ही कथा अनेकांना ठाऊक असेल. नाक्यावर उभी राहणारी रिकामी पोरं भाऊंनी गिरण्या जोरात चालू असतानाच पाहून ठेवली होती, हे मात्र विसरायला नको.

आता जयंत पवार. माझ्या मते या सगळ्या विषयावरचं मराठीतलं सर्वात महत्त्वाचं लेखन त्यांचं आहे. १९९७ साली रंगभूमीवर आलेलं 'अधांतर' हे संपानंतरच्या एका गिरणी कामगार कुटुंबाचं नाटक. चाळीतली खोली, आई, तीन मुलगे, एक मुलगी. एकाला लेखक व्हायचं आहे, एक क्रिकेटमध्ये बुडालेला, एक गुंडगिरीच्या वाटेवर. गिरणी रंगमंचावर कुठेच नाही. ती बंद पडली आहे, आणि ती बंद असण्याचाच भार त्या खोलीतल्या प्रत्येक वाक्यावर आहे. पवारांनी एक फार अवघड गोष्ट साधली आहे. या नाटकात खलनायक समोर येत नाही. मालक, सरकार, पुढारी हे सगळे बाहेर कुठेतरी आहेत, आणि आत घरातली माणसं एकमेकांना ओरबाडतात. ज्याच्यावर राग काढायचा तो हाताशी नसला की माणूस जो हाताशी आहे त्याच्यावर काढतो. आमच्या घरात आवाज चढायचे ते चहात साखर जास्त पडली यावरून. 'अधांतर' वाचताना ती साखर मला आठवत होती.

ग्रीनवुड आणि पवार शेजारी ठेवून वाचले तर एक फरक चटकन दिसतो. सॅलफर्डच्या बेकाराला निदान डोल मिळत होता. तो अपुरा होता, अपमानास्पद चौकशा करून दिला जाई, पण शासन नावाची कुणीतरी व्यक्ती दारात येत होती. परळमध्ये संप विरल्यावर दारात आला तो सावकार, किंवा मग गल्लीतला भाई. म्हणून 'लव्ह ऑन द डोल'मध्ये घराचं नाव जाण्याची भीती आहे आणि 'अधांतर'मध्ये मुलगाच जाण्याची.

याच नाटकावरून महेश मांजरेकरांनी २०१० साली 'लालबाग परळ' सिनेमा काढला. आपल्यापैकी बऱ्याच जणांनी तो पाहिला असेल. तो चांगला चालला, अभिनयही दमदार आहे. पण सिनेमानं जे नाटकात बाहेर होतं ते सगळं आत आणलं: मालक आला, कारस्थान आलं, पिस्तुलं आली. प्रेक्षकाला राग काढायला माणूस मिळाला आणि तो हलका होऊन घरी गेला. नाटक वाचून मी काही हलका झालो नाही.

पवारांच्या 'फिनिक्सच्या राखेतून उठला मोर' या कथासंग्रहाला २०१२चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. नावातच सगळं आलं. लोअर परळच्या फिनिक्स मिलच्या जागी आज जो मॉल आहे तिथे आपण सगळे सुट्टीत जातो. माझी मुलं तर 'फिनिक्स' म्हणजे खाऊगल्ली समजतात. १९९१च्या नियमानुसार गिरण्यांच्या जमिनीचा साधारण एक तृतीयांश वाटा मोकळ्या जागांना, एक तृतीयांश सरकारी घरबांधणीला आणि उरलेला मालकाला, असं ठरलं होतं. २००१ साली दुरुस्ती आली आणि ही वाटणी फक्त मोकळ्या, बांधकाम नसलेल्या जमिनीपुरती उरली. २००६ साली सुप्रीम कोर्टानं ती दुरुस्ती ग्राह्य धरली. म्हणजे फक्त एका शब्दाच्या अर्थावर शेकडो एकरांचं भवितव्य ठरलं. मी रोज कॉन्ट्रॅक्टं वाचणारा माणूस आहे, एका व्याख्येची किंमत मला कळते. पण यावर मराठीत एखादी सणसणीत कादंबरी का नाही, याचं मला नवल वाटतं. २०२१ साली पवार गेले. ती त्यांनीच लिहायला हवी होती, असं राहून राहून वाटतं.

ललित नसूनही मला कादंबरीइतकं धरून ठेवलेलं एक पुस्तक म्हणजे नीरा आडारकर आणि मीना मेनन यांचं 'वन हंड्रेड इयर्स, वन हंड्रेड व्हॉइसेस'. २००४ साली इंग्रजीत आलं, नंतर मराठीतही 'कथा मुंबईच्या गिरणगावची' या नावानं आलं. गिरणी कामगार, त्यांच्या बायका, पुढारी, शाहीर, खाणावळवाल्या अशा शंभरेक माणसांनी आपल्या तोंडानं सांगितलेला गिरणगावचा इतिहास यात आहे. एकाच प्रसंगाबद्दल दोन माणसं दोन वेगळ्या गोष्टी सांगतात आणि संपादिका त्या जुळवून घेत नाहीत, हे मला फार आवडलं. खाणावळवाल्यांचा भाग तर सोन्यासारखा. गावाहून एकटा आलेला कामगार गाळ्यात वीस-तीस जणांबरोबर राहायचा. एक पाळी कामाला गेली की दुसरी त्याच जागेवर झोपायची. त्याला जेवू घालणारी बाई बहुधा कुणा कामगाराचीच बायको किंवा विधवा. याच बायकांना सावकाराच्या तावडीतून सोडवायला प्रेमा पुरव यांनी १९७५ साली अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं. संपाच्या दिवसांत गिरणगाव जगलं ते अशा बायकांच्या हातांवर. आमच्या आईचे डबे कुठून आले हे मला त्या पानांनी सांगितलं.

२००७ साली हे पुस्तक मी दादांना नेऊन दिलं. त्यांनी महिनाभर घेतला. पेन्सिलीनं खुणा केल्या. मी विचारलं, "कसं वाटलं?" म्हणाले, "खरं आहे. पण आत काय होतं ते नाही फारसं." मग त्यांनी सांगितलं. साचेखात्यात सूत तुटू नये म्हणून हवेत मुद्दाम ओल ठेवायचे. खिडक्या बंद. घामाचं अंग, त्यावर कापसाचं तूस. आणि शेकडो साच्यांचा एवढा खडखडाट की शेजारच्याशी बोलणं अशक्य. सगळे ओठ बघून, हातवारे करून बोलायचे. "घरी आलो तरी आम्ही हातच हलवायचो," दादा म्हणाले. मी चकित झालो, कारण लँकेशायरच्या गिरण्यांतही विणकर अगदी असेच ओठांनी बोलत. त्याला तिथे 'मी-मॉइंग' असं नावसुद्धा आहे आणि त्यावर विनोदी नाटुकली होतात. आमच्याकडे त्याला नाव असलं तरी ते साहित्यात मला कुठे भेटलं नाही.

दादांचा हा आक्षेप मला मराठी कामगार साहित्यावरचा सर्वात अचूक आक्षेप वाटतो. चाळ आहे, मोर्चा आहे, गणपती आहे, भजन आहे, दारू आहे. आठ तासांची पाळी मात्र नाही. भोंगा वाजतो, माणसं गेटातून आत जातात आणि लेखक गेटावर थांबतो. कारण उघड आहे. आत असलेल्याला लिहायला वेळ आणि ताकद नव्हती, आणि लिहिणाऱ्याला आत प्रवेश नव्हता. सुर्वे आणि अण्णा भाऊ हे अपवाद खरे, पण त्यांनाही यंत्रापेक्षा माणसाचं मोठेपण सांगायची घाई होती. दुसरी उणीव म्हणजे हे सगळं मुंबईपुरतं. सोलापूरच्या गिरण्या, नागपूरची एम्प्रेस मिल, अमळनेरची प्रताप मिल, इचलकरंजी-भिवंडीचे यंत्रमाग, यांवर इतक्या ताकदीचं ललित मला तरी मिळालेलं नाही.

आणि मग आपलं आखात. इंडस्ट्रियल एरियातल्या कामगारांच्या खोल्यांत आपल्यापैकी जे कामानिमित्त गेले असतील त्यांना गिरणगावच्या गाळ्याचं वर्णन नवीन वाटणार नाही. एकावर एक पलंग, भिंतीला खिळा, खिळ्याला पिशवी, पिशवीत घरचे फोटो. मनिऑर्डरच्या जागी एक्स्चेंजची रांग आली. कोकणातल्या ज्या घरांतून पूर्वी माणूस गिरणीत जायचा, तिथूनच पुढे कुवेत, दुबई, कतार सुरू झालं. इथले नियम गेल्या काही वर्षांत बदलले आहेत: २०२० साली नोकरी बदलायला मालकाच्या एनओसीची अट गेली, २०२१ पासून १,००० रियालचं किमान वेतन आलं, उन्हाळ्यात सकाळी १० ते दुपारी ३.३० उघड्यावर काम बंद. हे बदल खरे आहेत. बदल कागदावर वाचणारे आपण आणि अंगावर जगणारे ते, यात जे अंतर आहे तिथेच साहित्य असतं. मल्याळममध्ये बेन्यामीननं बहारीनमध्ये नोकरी करता करता 'आडुजीवितम' लिहिलं. २००८ साली आलेली ही कादंबरी सौदीच्या वाळवंटात शेळ्यांमागे अडकलेल्या कामगाराची. २०२४ साली त्यावर सिनेमाही आला. मराठीत आखातावर प्रवासवर्णनं आहेत, आठवणी आहेत, आमच्यासारख्यांच्या व्हिलातल्या दिवाळीचे लेख आहेत (त्यातले दोन माझेच). वेल्डर, स्टील फिक्सर, ड्रायव्हर यांचं काही नाही.

मागच्या गणपतीत मंडळाच्या आरतीला चिपळूणकडचे एक इलेक्ट्रिशियन आले होते. गप्पांत कळलं की अकरा वर्षं ते एक वही लिहितात. रोजचे तास, ओव्हरटाइम, कुठल्या साइटवर, किती गरम होतं, कोण गावी गेलं, कोण परत आलं नाही. मला चार पानं वाचू दिली. एका दिवशी फक्त 'केबल ट्रे, १४वा मजला, पंखा नाही' एवढंच होतं. दादांना ते वाचून दाखवलं असतं तर त्यांनी पेन्सिल मागितली असती. 'अधांतर'ची माझी प्रत मी त्यांना वाचायला दिली आहे. ती परत आली की मंडळाच्या ग्रंथालयात ठेवतो. ज्यांना हवी असेल त्यांनी ग्रंथपालांकडे नाव नोंदवावं.